रोज दोन ग्लास रस

उपकेंद्रात लस टोचायचा दिवस असला की मी नातवाला काखोटीला मारून जाते. नर्सबाई त्याला टोचते, तो बोंब ठोकतो, आणि तो गप्प होईपर्यंत मी माझा नेहमीचा प्रश्न विचारून घेते. "ती दुसऱ्या काविळीची लस आली का वं?" नर्सबाई हसते. "न्हाई आली आजून. आली की पयला फोन तुमाला करते." मग मी तिला बजावते की हसण्यावारी नेऊ नकोस, वर कळव. वर म्हणजे नेमकं कुठं, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. पण विचारत राहायचं असं मी ठरवलंय.

हे वेड मला कुठून लागलं ते एकदा लिहून ठेवावं म्हणते. गोष्ट सुखाची आहे हे आधीच सांगून टाकते, कारण शेवट माहीत नसलेल्या गोष्टी मला स्वतःलाच सोसत नाहीत. मालिका बघतानाही मी पुढं काय होणार ते शेजारणीला विचारून घेते.

आमची रसवंती हायवेला लागून आहे, चौसाळ्याहून मांजरसुंब्याकडे जाताना. मागं शंभर पावलांवर घर, घरामागं शेत. होळीपासून मिरगापर्यंत आमचा चरक चालतो. मालक, म्हणजे नातवाचे आजोबा, ऊस घालतात, मी आलं-लिंबू बघते, ग्लास विसळते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. बोलते म्हणजे बहुतेक वेळा ओरडते. ग्लास कुठं ठेवला, चिपाडावर कशाला थुंकला, गाडी आडवी का लावली, असं माझं दिवसभर चालू असतं. मालक म्हणतात, "हिच्या तोंडापेक्षा चरकाचा आवाज बरा." तीस वर्षं हे एकच वाक्य म्हणतात आणि दर वेळी स्वतःच हसतात.

त्या उन्हाळ्यात सुनेला दिवस गेलेले होते. पहिलटकरीण. मुलगा कंटेनरवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सूनबाई उमापूरची, वडील नाहीत, एकटी आई. पोरगी बारावी शिकलेली, कामाला चलाख, पण बोलणं म्हणाल तर सोनं तोलावं तसं. मी काहीही सांगितलं की मान डोलवायची. मला वाटायचं, किती गुणाची सून मिळाली आपल्याला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातवा लागला तशा विहीणबाई ओटीचं सामान घेऊन न्यायला आल्या, आणि मी नाही म्हणाले. मला कारण होतं. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. माझं माहेर आडवळणाला, दवाखान्यात पोचायच्या आधीच जीपमध्ये लेक जन्मला. नाळ कापायला दवाखान्याच्या दारात कुणीतरी धावत आलं. म्हणून मी ठरवलं होतं, माझी सून हायवेच्या कडेलाच बाळंत होणार, बीड पाऊण तासावर.

"रीत मोडू नका इहिनबाई," त्या म्हणाल्या.

"रीत पोरीच्या जिवापेक्षा मोठी हाय का?" मी म्हणाले. आणि वर हेही म्हणाले, की तुमच्याकडून बीडला यायला किती वेळ लागतो ते आधी मोजा. त्या ओटी भरून, डोळे पुसत एकट्याच परत गेल्या. सून स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिला काय वाटतं ते आम्हा दोघींपैकी एकीलाही विचारायचं सुचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गावात कावीळ आली. आधी पाण्याच्या टाकीजवळच्या आळीत दोघं, मग शाळेच्या मागं चौघं, मग रोज कुणीतरी. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं आणि पहिल्या दोन कळश्या गटारीसारख्या वास मारायच्या. बाया ते पाणी भांड्यांना वापरायच्या आणि पुढचं प्यायला भरायच्या. आमच्या घरी शेतातल्या बोअरचं पाणी, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आणि रसवंती तर तेव्हा अशी चालली की विचारू नका. कावीळ झाली की आमच्याकडं माणूस दोन ठिकाणी जातो. एक, गळ्यात काविळीची माळ बांधणाऱ्या वैदूकडं, आणि दुसरं, रसवंतीवर. उसाचा रस काविळीला थंड, असं प्रत्येकजण सांगतो. पिवळे डोळे घेऊन लोक यायचे, बाकावर बसायचे, म्हणायचे, "बिनबर्फाचा द्या मामी, कावीळ हाय." मी त्यांना ग्लास भरून द्यायचे, वर थोडा वाढवूनही द्यायचे. पुण्याचं काम करतेय असंच मला वाटायचं.

ग्लास विसळायला एक बादली होती. बोअरचं पाणी घराजवळ, रसवंतीवर मात्र गावच्या नळाचं, पिंपात भरून ठेवलेलं. बादली सकाळी भरायची, दुपारी बदलायची. रिकामा ग्लास आला की बादलीत एकदा बुडवायचा, आत बोट फिरवायचं, दुसऱ्यांदा बुडवायचा, पालथा घालायचा. तीस वर्षं मी असेच ग्लास विसळले. हायवेवरच्या सगळ्या रसवंत्यांवर असेच विसळतात.

विहीणबाईंचा फोन आला. गावातल्या काविळीची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. "आमच्या पोरीला धाडा इकडं. पाया पडते तुमच्या."

"तिला काविळीच्या तिनी सुया झाल्यात," मी म्हणाले. "लग्न ठरताना तुमीच तर कार्ड दावलं व्हतं."

खोटं नव्हतं ते. सून कॉलेजात असताना तिथं काविळीच्या लसीचं शिबिर झालं होतं. पिवळं कार्ड, त्यावर तीन शिक्के. लग्नाच्या बोलणीत विहीणबाईंनी मार्कलिस्टबरोबर तेही पुढं ठेवलं होतं. मी ते गाडीच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या फाईलमध्ये जपून ठेवलेलं. कार्डाचं नाव काढल्यावर त्यांनी विषय सोडला. फोन ठेवताना मला जिंकल्यासारखं वाटलं.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मला काळजीही होती, आणि काळजी वाटली की मी हात बांधून बसणारी बाई नाही. कार्ड आहे तर आहे, वरून थोडी खबरदारी घ्यावी म्हणून मी सुनेला रोज दोन ग्लास रस द्यायला सुरुवात केली. झालेली कावीळ रसानं बरी होते, तर न झालेली येणारच नाही, हा माझा हिशोब. सकाळी चरकातून निघालेला पहिला ग्लास तिचा, दुपारी अजून एक. कुणाच्या हाती पाठवायचे नाही, त्यावर ताटली झाकून मी स्वतः शंभर पावलं चालत न्यायचे. ती म्हणायची, "ठेवा आत्या, मळमळतंय, जरा थांबून पेते." मी म्हणायचे, "पी बरं का सगळा, टाकायचा न्हाई." थोड्या वेळानं रिकामा ग्लास धुऊन रसवंतीवर आणून ठेवायची. महिनाभर असं चाललं.

मग एक दिवस मालक चरकावरून उठले आणि बाकावर आडवे झाले. चार दिवस ताप, अन्नावरची वासना गेलेली. मी म्हणाले, ऊन लागलं. पाचव्या दिवशी त्यांचे डोळे बघितले. हळद माखल्यासारखे.

बीडला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तरुण होत्या, माझ्या लेकाच्या वयाच्या. त्यांनी मालकांना तपासलं, रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून सांगितलं की ही पाण्यातून येणारी कावीळ आहे, ई नावाची. घाबरू नका, आराम करा, बहुतेकांची आपोआप बरी होते. माझा जीव जरा खाली आला. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरात कोणी गरोदर बाई आहे का?"

"हाय की. सून. आठवा चालू हाय."

त्यांचा पेन थांबला. तो थांबलेला पेन मला अजून दिसतो. त्या म्हणाल्या, ही कावीळ इतरांना पंधरा दिवस झोपवते, पण शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईला झाली तर तिच्या जिवावर बेतू शकते. बाळाच्याही.

मी पिशवीतून फाईल काढली. कार्ड मी बरोबरच नेलं होतं. "तिला काविळीची लस झाली हाय मॅडम. तीन डोस. ह्ये बघा शिक्के."

त्यांनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं. मग शांतपणे समजावलं. ही लस बी काविळीची. ती रक्तातून पसरते, ही पाण्यातून. ही लस चांगलीच आहे, घेतली ते उत्तम केलं, पण या काविळीला तिचा काडीचा उपयोग नाही.

"मग ह्या काविळीची द्या," मी म्हणाले. "आत्ता आनते तिला. काय खर्च यील तो यीऊ द्या."

"तिची लस निघाली आहे मावशी. बाहेरच्या देशात साथ आली तेव्हा छावण्यांमधल्या लोकांना दिली, त्यात गरोदर बायकाही होत्या. पण आपल्याकडं ती मिळत नाही. आणि आत्ता मिळाली असती तरी आधी तिच्या अंगात काही शिरलंय का ते बघावं लागलं असतं."

लस आहे, आणि आपल्याकडं नाही, हे मला धड कळतही नव्हतं. नसती तर नसती म्हणून सोडून दिलं असतं. आहे आणि नाही, याचा मला राग आला. पण राग काढायला समोर फक्त ती पोरसवदा डॉक्टरीण होती, आणि तिचा काही दोष नव्हता.

मग त्यांनी आमचं पाणी विचारलं. घरी बोअरचं, मी सांगितलं. मालकांना कुठून झाली असेल? रसवंती. तिथं पाणी कुठलं? नळाचं. ग्लास कसे धुता? मी हातानं करून दाखवलं, एकदा बुडवायचा, बोट फिरवायचं, पुन्हा बुडवायचा. करून दाखवतानाच मला सगळं समजलं. पिवळ्या डोळ्यांची माणसं, त्यांचे ग्लास, आणि त्याच बादलीतून निघालेला सुनेचा ग्लास. तो मी ताटली झाकून, धूळ बसू नये म्हणून जपत जपत नेत होते.

"सूनबाई रसवंतीवर काही खातात-पितात?"

"रोज दोन ग्लास रस," मी म्हणाले. "म्या सवता नेऊन देते."

बाकी काही आठवत नाही. मालक मला धरून बाहेर आणत होते, म्हणजे आजारी माणूस धडधाकट बाईला धरून. त्यांनी एवढंच म्हटलं, "चल, तिला घिऊन यू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला घेऊन मी बीडला गेले. मालकांना घरीच ठेवलं. निघताना तिला उलटी झाली. तिचे डोळे मी इतक्या वेळा बघितले की ती म्हणाली, "आत्या, आता दुखायला लागले." डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, रिपोर्ट दुपारी मिळेल म्हणाल्या.

रिपोर्टची वाट बघत आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसलो. मी देवाला काही बोलले नाही. मला लाज वाटत होती. जिला हट्टानं ठेवून घेतलं, जिच्या आईला रडत परत पाठवलं, तिला मी स्वतःच्या हातानं विष पाजलं, दिवसातून दोनदा. काही झालं असतं तर उमापूरला तोंड कसं दाखवणार होते? आणि तोंडाचं जाऊ द्या, ही पोरगी माझ्या शेजारी बसून पोटावर हात फिरवत होती. मला ती फार आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. फक्त रस नेऊन दिला होता.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. रिपोर्ट चांगला. लिव्हर ठीक, काविळीची खूण नाही. पण त्या पुढं म्हणाल्या, "तरी महिनाभर लक्ष ठेवायचं. हा आजार अंगात शिरल्यावर दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो. रोज दोन ग्लास पीत होत्या म्हणजे..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. दर आठवड्याला या, एवढंच म्हणाल्या.

अर्धा जीव भांड्यात पडला, अर्धा वरच टांगलेला. बाहेर बाकावर आलो. सून माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि मला वाटलं ती आजाराची भीती आहे.

"आत्या, रागवनार न्हाई तर एक सांगते."

"सांग."

"रस म्या पेलाच न्हाई."

"मंग कुनी पेला?"

"मला उसाचा वासच सोसत न्हाई, दिवस गेल्यापासून. तुमी एवढ्या उनाचं घिऊन येत व्हता, न्हाई कसं म्हनू? मागं शेळी हाय ना, तिला पाजत गेले."

"रोज?"

"रोज. दोनी येळंला."

"येक घोट बी न्हाई?"

"येक घोट बी न्हाई. देवाच्यान."

सवयीप्रमाणं राग उसळला होता, खोटं कशाला सांगू. महिनाभर मला फसवलं, माझ्या हातचा रस शेळीला! तोंड उघडलंसुद्धा मी. आणि मग मला जे हसू फुटलं, ते आवरेना. बाजूच्या बाया बघायला लागल्या. शेळी त्या महिन्यात का अंगानं भरली ते मला आत्ता कळत होतं. आम्ही बाजारात तिची किंमत वाढली म्हणून खूश होतो. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी सुनेचं डोकं दोन्ही हातांत धरून तिथंच, सगळ्यांसमोर, तिच्या भांगावर ओठ टेकवले. एवढं सुख मला लेक जन्मला तेव्हाही झालं नव्हतं. ती बिचारी घाबरून गेली. मार बसेल की काय असं वाटलं असेल तिला.

आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्याही हसल्या, मग म्हणाल्या की तरी तपासण्या चुकवायच्या नाहीत, पण त्यांची स्वतःची निम्म्याहून जास्त काळजी गेली. माझी तर सगळीच गेली होती. बाहेरचं ऊनसुद्धा मला बरं वाटत होतं. बादली फेकायची, ग्लास उकळून घ्यायचे, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला गाठून गावातल्या प्रत्येक पोटुशीच्या घरी जायचं आणि माझ्या बादलीचं आपल्या तोंडानं सांगायचं, हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं. नंतर तसं केलंही. माझ्या ग्लासातून किती जणांना ती कावीळ गेली असेल, ते मला कधीच कळणार नाही, आणि ते टोचत राहतं. पण त्या दुपारी मी फक्त सुटल्यासारखी उभी होते.

मग एक फोन करायचा राहिला होता. सुनेला केळी घेऊन दिली आणि बाजूला जाऊन उमापूरला लावला. पहिल्याच रिंगला उचलला. सुनेनं सकाळी निघतानाच आईला तपासणीचं कळवलं होतं, बाई फोन हातात धरूनच बसली असणार.

"इहिनबाई, रिपोर्ट चांगला हाय."

तिकडून रडणं ऐकू आलं. मी थांबले. मग म्हणाले, "आन दुसरं. माझं चुकलं. म्या तिला रोज रस देत व्हते, त्याच्यातनंच कावीळ झाली असती. तुमच्या लेकीनं माझं ऐकलं न्हाई, म्हनून ती धड हाय. सगळा रस शेळीला पाजला तिनं."

मला वाटलं, आता मला बोलणार. बोलायचा हक्कच होता. पण तिकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्या तर तिला लग्नात निघताना बजावून सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "सासू दील ते गपचीप खायचं-प्यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई." मग म्हणाल्या, "बरं झालं इहिनबाई. तिनं माझंबी ऐकलं न्हाई."

फोन तसाच कानाला धरून मी बाकाकडं बघितलं. आठव्या महिन्याचं पोट सावरत पोरगी एकटी बसून केळं खात होती, आणि माझ्या चेहऱ्यावरून आई काय म्हणाली असेल त्याचा अंदाज घेत होती.

मी जाऊन तिच्याशेजारी बसले. "तुझी आई रागावली न्हाई. मी बी न्हाई. आता तू सांग, तुला काय पायजे?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, ना तिच्या आईनं, ना मी. केळ्याची साल तिनं नीट घडी करून हातात धरली.

"आईकडं जायचंय," ती म्हणाली.

मी उठले आणि उमापूरच्या गाडीसाठी स्टँडवर जायला रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.